आडवा झालेला हापूस उभा केला, आता पालवी आलीय, खरंच जगेल का?

सुरंगी
नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण नीट वाचून सांगा प्लीज. गुहागर तालुक्यात आमच्या घरामागच्या परड्यात एक जुना हापूस आहे, आजोबांनी लावलेलं कलम. मागच्या मे महिन्यात वळवाच्या पावसाबरोबर जो वारा सुटला त्यात तो मुळासकट कलंडला, एका बाजूची मुळं तुटून वर आली, दुसऱ्या बाजूची जमिनीतच राहिली. वाडीतल्या लोकांनी मोठ्या फांद्या छाटल्या, चेनब्लॉक लावून हळूहळू उभा केला, उघड्या मुळांवर माती ओढली आणि तिन्ही बाजूंनी टेकू दिले. पावसात दोनचार फुटवे आले पण ते गणपतीनंतर वाळून गेले, मग थंडीभर काही म्हंजे काही नाही. ज्याने त्याने सांगितलं की आता तोडून सरपणाला घ्या. आणि शिमग्याला गेले तर खोडावर आणि फांद्यांच्या बेचक्यात सगळीकडे तांबूस पालवी, एका खुंटावर तर थोडा मोहोरसुद्धा!

तर प्रश्न असे की ही पालवी खरी समजायची का, पाणी किती द्यायचं, मोहोर ठेवायचा का काढायचा. शेजारच्या दोन सुपाऱ्या शेंड्यातून मोडल्यात, त्या नुसत्याच उभ्या आहेत, त्यांचं काही होईल का. आणि अशी पडून परत उठलेली झाडं कुणाला माहीत असतील तर त्यांच्याबद्दल पण लिहा, अगदी जुनी इतिहासातली असली तरी चालतील, मला त्याबद्दल खरंच वाचायचंय.

मातीवाला
सुरंगीताई, मी दापोलीकडचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे आणि पलीकडे श्रीवर्धन दिवेआगरला बागा कशा झोपल्या ते सगळ्यांनी बघितलंय, तेव्हा उभी केलेली कलमं आमच्याकडे आज फळं देतायत, त्यामुळे तोडायची घाई अजिबात करू नका.

सगळ्यात आधी एक बघा, पालवी कलमाच्या जोडाच्या, म्हणजे खालच्या रोपावर हापूसची काडी जिथे बांधली त्या जागेच्या, वर आहे का खाली. जोडाच्या खालून जो फुटवा येईल तो रायवळ, म्हणजे गावठी आंबा, हापूस नाही, आणि तो नेहमी जास्त जोरात वाढतो, सगळं अन्न ओढून घेतो आणि वरचं कलम बिचारं मागे पडतं, तेव्हा जोडाखालचे फुटवे कोवळे असतानाच हाताने मोडून टाका. जोड जुन्या झाडावर ओळखता येत नसेल तर जमिनीपासून हात-दीड हातापर्यंत जे येतंय त्याच्यावर संशय धरा आणि पान चुरगळून वास घ्या, हापूसच्या पानाचा वास ज्याला माहीत आहे त्याला लगेच कळतं.

मोहोर काढून टाका. जिवावर येतं मला माहीत आहे पण या वर्षी आणि पुढच्या वर्षीही फळ धरू देऊ नका. पाणी खोडाशी ओतू नका, झाडाचा घेर होता तेवढ्या अंतरावर गोल आळं करून आठवड्यातून एकदा भरपूर द्या, रोज शिंपडण्यापेक्षा ते बरं. उघड्या पडलेल्या खोडाला चुना मारा, आता सावली द्यायला पानं नाहीत आणि एप्रिल मेच्या उन्हात साल भाजून फुटते. आणि भिरूड!! पडलेल्या आंब्याला खोडकिडा हमखास लागतो. बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला की वर भोक शोधायचं, तारेने आतली अळी ओढून काढायची आणि भोक बुजवायचं.

सुपारीचं सांगायला वाईट वाटतं पण शेंडा मोडला म्हणजे संपलं. माड, सुपारी यांना वाढीचा कोंब एकच, तो सगळ्यात वर. आंब्यासारखे खोडात लपलेले डोळे त्यांना नसतात. कोंब शाबूत असेल, नुसत्या झावळ्या मोडल्या असतील तर परत येतात, पण तुमची तर शेंड्यातच मोडलीय. काढून नवीन रोपं लावा.

टेम्सकाठी
इतिहासातला दाखला मागितलात म्हणून लिहितेय, कारण माझ्याकडे अगदी याच प्रश्नाचा दाखला आहे. मी लंडनच्या पश्चिमेला राहते आणि क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानात वरचेवर जाते. तिथे टर्नर्स ओक नावाचं एक झाड आहे, १७९८ च्या सुमाराला लावलेलं. एसेक्समधल्या स्पेन्सर टर्नर या नर्सरीवाल्याच्या नावाचा हा संकर, एक बाजू इंग्लिश ओक आणि दुसरी भूमध्य समुद्राकडचा सदाहरित होम ओक, त्यामुळे ऐन थंडीत बाकीचे ओक उघडेबोडके असताना हा मात्र बरीचशी पानं धरून उभा असतो.

१५-१६ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री दक्षिण इंग्लंडात वादळ आलं, इथले लोक त्याला अजून ग्रेट स्टॉर्म म्हणतात. एका रात्रीत अंदाजे दीड कोटी झाडं पडली. एकट्या क्यूमध्ये सुमारे ७००. आधीचा सगळा शरद ऋतू पावसाचा गेला होता, जमीन पाणी पिऊन ढिली झाली होती आणि पानगळ अजून व्हायची होती, म्हणजे भरल्या पानांच्या झाडांनी तो सगळा वारा अंगावर घेतला. त्यात हा टर्नर्स ओक मुळांसकट जमिनीतून वर उचलला गेला आणि परत त्याच जागेवर बसला. आडवा नाही झाला, उचलला आणि ठेवला! वादळाआधी काही वर्षं तो खंगतच चालला होता, त्यामुळे तो वाचेल असं कुणाला वाटलं नाही. पुढे तिथल्या आर्बोरेटमचे, म्हणजे वृक्षसंग्रहाचे, प्रमुख झालेले टोनी कर्कहम तेव्हा तिथे कामाला होते, पडलेल्या झाडांचा एवढा पसारा आवरायचा होता की याला टेकू देऊन ठेवला, म्हटलं हा सगळ्यात शेवटी बघू. तीनेक वर्षांनी त्याचा नंबर आला तर झाड मस्त जोमात, वादळाआधी होतं त्यापेक्षा कितीतरी बरं.

कारण शोधलं तेव्हा कळलं की दोनशे वर्षं त्याच्याखालून माणसं चालून चालून माती दगडासारखी घट्ट झाली होती, मुळांना हवा नाही, पावसाचं पाणी आत मुरत नाही. वादळाने झाड हलवलं तेव्हा ती सगळी माती मोकळी झाली. त्यानंतर क्यूमध्ये जुन्या झाडांच्या मुळांभोवतीची माती दाबाच्या हवेने मोकळी करायची पद्धत सुरू झाली आणि आता ती जगभर वापरतात. पडलेल्या झाडांच्या मुळांचा त्यांनी अभ्यास केला त्यात आणखी एक गोष्ट दिसली की एवढ्या प्रचंड झाडांचीही मुळं लोकांना वाटतं तेवढी खोल नसतात, बरीचशी वरच्या थरात लांबवर पसरलेली असतात. आता तिथे नवीन झाड लावताना खड्डा गोल न करता चौकोनी करतात, म्हणजे मुळं गोल गोल फिरत न बसता कोपऱ्यातून बाहेर घुसतात. मला हे सगळं इतकं आवडतं की कुणी पाहुणे आले की मी त्यांना आधी त्या झाडापाशी नेते, काचघरं नंतर.

पानशेत
वरचं वाचून छान वाटलं पण मी जरा सावधपणे लिहिणार आहे. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. टर्नर्स ओकची मुळं उचलली गेली, पण झाड जागेवरच बसलं, म्हणजे मुळांचा मोठा भाग शाबूत राहिला. सुरंगी, तुमच्या आंब्याची एका बाजूची मुळं तुटलीच आहेत, हा फरक मोठा आहे.

आंब्याच्या सालीखाली सुप्त डोळे असतात, वरचा पसारा गेला की शेंड्याकडून येणारा संप्रेरकांचा दाब कमी होतो आणि हे डोळे जागे होतात. त्यांना लागणारं पहिलं अन्न मात्र मुळांकडून नाही, खोडात साठवलेल्या स्टार्चमधून येतं. म्हणून तर शेवग्याची नाहीतर पांगाऱ्याची तोडलेली फांदी अंगणात पडल्या पडल्या सुद्धा फुटते. तुमचे पावसातले फुटवे वाळले ते बहुधा याचमुळे, पानं आली पण त्यांना पाणी पुरवणारी बारीक मुळं अजून नव्हती. आताची पालवी त्यानंतर एवढ्या महिन्यांनी आलीय आणि सगळीकडून आलीय ही गोष्ट चांगली आहे, मध्यंतरी खाली काहीतरी काम झालंय एवढं नक्की. पण खरी परीक्षा मे महिन्यात. तांबूस पानं हिरवी होऊन जाड झाली आणि भर दुपारी मान टाकत नसतील तर मूळ धरलं समजा. कोवळी असतानाच लोंबायला लागली तर सावली करा, खोडाला ओलं गोणपाट गुंडाळा.

ज्या फांद्यांवर काहीच नाही तिथे नखाने साल खरवडून बघा, खाली हिरवं ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे, तपकिरी कोरडं असेल तर खाली खाली येत जिथे हिरवं लागेल तिथपर्यंत कापा. मातीवाले दादा, जोडाखालचे फुटवे काढायला सांगितलेत ते बरोबरच, पण वरचे या वर्षी विरळ करायला नकोत. पुनरुज्जीवनाला छाटलेल्या बागेत आपण फुटवे विरळ करतो कारण तिथे खाली मुळं पूर्ण असतात. इथे मुळं अर्धी आहेत आणि ती नव्याने वाढवायला पानंच अन्न देणार, त्यामुळे आहे ते प्रत्येक पान ठेवा, विरळणी पुढच्या वर्षी.

मातीवाला
मॅडम, पटलं. बागेत आम्ही सवयीने हात चालवतो, पण इथे पहिल्या वर्षी जोडाच्या वरचं काही काढू नये हे बरोबर.

हुगळीकाठ
मी नोकरीमुळे कोलकात्यात आहे आणि रविवारी बरेचदा पलीकडे शिबपूरच्या बोटॅनिक गार्डनला जातो, तिथल्या मोठ्या वडाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. हा बाग १७८७ मध्ये कर्नल रॉबर्ट किड याने सुरू केला, आणि त्यामागचं एक कारण दुष्काळ होतं, १७७० च्या बंगालच्या दुष्काळात माणसं किती मेली ते सगळ्यांच्या डोळ्यापुढे होतं आणि साबुदाण्याचा माड, खजूर अशी उपासमारीत कामी येणारी झाडं इथे वाढवून बघावीत असं त्याने ईस्ट इंडिया कंपनीला लिहिलं होतं. त्याच्यानंतर १७९३ पासून रॉक्सबर्ग आला, ज्याने भारतातल्या झाडांची नोंद करायचं एवढं काम केलं की आजही आपल्या कितीतरी झाडांच्या शास्त्रीय नावापुढे त्याचं नाव लागतं.

वड त्या बागेपेक्षाही जुना मानतात. १८६४ आणि १८६७ मध्ये दोन चक्रीवादळं आली, बागेतली झाडं धडाधड पडली, वडाच्याही मोठ्या फांद्या मोडल्या आणि जखमेतून बुरशी आत शिरली. मुख्य खोड कुजत गेलं, शेवटी १९२५ मध्ये ते पूर्ण कापून काढलं. म्हणजे आज तुम्ही जाल तर मूळचं खोड, साधारण पंधरा मीटरच्यावर घेराचं, ते नाहीच! उभं आहे ते सगळं पारंब्यांवर, तीन हजारांहून जास्त पारंब्या, आणि विस्तार दीड हेक्टरपेक्षा जास्त. भोवती पूर्वी रस्ता केला होता, झाड तो ओलांडून बाहेर गेलंय. मे २०२० मध्ये अम्फान आलं तेव्हा परत काही भाग पडला. म्हणजे तुमच्याकडे निसर्ग येण्याच्या दोन आठवडे आधी इकडे हे. मी त्यानंतरच्या मार्चमध्ये गेलो होतो, मोडलेल्या बाजूलाही लालसर कोंब सुटलेले होते, फार बरं वाटलं. आंब्याला पारंब्या नाहीत हे कळतं मला, तुलना म्हणून नाही लिहीत, तुम्ही जुन्या झाडांबद्दल विचारलंत म्हणून लिहिलं.

सुरंगी
बापरे किती छान लिहिलंय सगळ्यांनी, धन्यवाद! भाऊजींना फोटो काढून पाठवायला सांगितलं, जोडाच्या वरचेच फुटवे जास्त आहेत, खालचे दोन होते ते त्यांनी काढले. टर्नर्स ओकचं वाचून एक डोक्यात आलं, आमच्या आंब्याच्या खालून वाडीची पायवाट जाते आणि आता काही वर्षं त्याच वाटेने रिक्षा, चिऱ्याचे टेम्पो पण जातात. जी मुळं तुटली ती त्याच बाजूची. तिथली माती पहारीने पण फुटत नाही. याचा संबंध असेल का? आणि कापलेल्या खुंटांना काय लावायचं, काहीजण डांबर म्हणतात काहीजण शेण.

द्राक्षबाग
डांबर नको ताई, बोर्डो पेस्ट लावा. मी निफाडचा, आमचं सगळं आयुष्य बोर्डोवर चालतं. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) पाच लिटर पाण्यात वेगळं विरघळवायचं, एक किलो कळीचा चुना पाच लिटरमध्ये वेगळा भिजवायचा, मग दोन्ही एकत्र करून चांगलं ढवळायचं. प्लॅस्टिकच्या बादलीत करा, लोखंडी भांडं चालत नाही. झाल्यावर घासलेला लोखंडी विळा मिनिटभर बुडवून बघा, त्यावर तांब्याचा लाल थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. ब्रशने खुंटांना आणि बुंध्याला दोनतीन फुटांपर्यंत लावा, आता एकदा आणि पावसाच्या तोंडाला परत.

आणि इतिहासाचा विषय निघालाच आहे तर हे औषध सापडलं कसं ते ऐका, मला हे कळलं तेव्हापासून फवारणी करताना दरवेळी आठवतं. फ्रान्समध्ये अमेरिकेतून आलेल्या रोगांनी द्राक्षबागा उद्ध्वस्त होत होत्या, आधी मुळं खाणारी फायलोक्झेरा कीड, मग डाऊनी, ज्याला आपण केवडा म्हणतो. १८८२ मध्ये बोर्डो विद्यापीठातले वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक मिलार्डे मेडॉक भागातून चालले होते, सगळ्या वेलींची पानं गळालेली आणि रस्त्याच्या कडेच्या वेली मात्र हिरव्या, त्यांच्यावर निळसर थर. चौकशी केली तर कळलं की येणारे जाणारे द्राक्षं चोरून खातात म्हणून बागवाल्यांनी मोरचूद आणि चुना मारून ठेवलाय, विषारी दिसावं म्हणून! तिथून त्यांनी तीन वर्षं प्रयोग केले, रसायनशास्त्रज्ञ गेयाँ त्यांच्या मदतीला होते, आणि १८८५ मध्ये हे प्रसिद्ध केलं. हजारो लोक त्याच रस्त्याने गेले असतील, पण कडेचीच वेल हिरवी का असं थांबून विचारणारा एकच निघाला. आज कोकणातला आंबा, सुपारीवरचा कोळेरोग आणि आमची द्राक्षं, सगळ्यांना तेच लागतं.

आणि पालवीला घाबरू नका हो. आम्ही दरवर्षी एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, सगळी बाग खुंटासारखी करून टाकतो, नवीन माणूस बघून म्हणतो अरे बाग मारली की काय. पण पुढच्या वर्षीचा माल त्याच फुटीतून तयार होणाऱ्या काडीवर येतो.

रानजाई
हिरोशिमाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. ६ ऑगस्ट १९४५ नंतर तिथे ७५ वर्षं काही उगवणार नाही अशी बातमी पसरली होती, लोकांनी ती खरी धरली होती. आणि १९४६ च्या वसंतात जळून कोळसा झालेल्या गिंको नावाच्या झाडांना पालवी आली. होसेनबो नावाच्या देवळातला गिंको स्फोटाच्या जागेपासून साधारण सव्वा किलोमीटरच्या आत होता, देऊळ गेलं, झाड राहिलं. पुढे नवीन देऊळ बांधताना झाड तोडलं नाही, त्याला मधे घेऊन दोन्ही बाजूंनी पायऱ्या केल्या. अशी दीडशेच्यावर झाडं शहरात आज नोंदवलेली आहेत, प्रत्येकावर पाटी आहे. आणि हिरोशिमाचं अधिकृत फूल कुठलं माहीत आहे का, कण्हेर! आपल्या हायवेच्या मधल्या दुभाजकावर असते तीच, त्या राखेत पहिल्यांदा फुललेल्यांपैकी म्हणून निवडलेली. तिथे ऐन ऑगस्टमध्ये कण्हेरी फुललेल्या बघितल्या आणि मला काही बोलताच येईना.

पानशेतबाईंनी सांगितलंय त्याला धरून एक, गिंकोंची पालवी आली ती मुख्यतः जमिनीखालचा भाग वाचला म्हणून, वरचं सगळं जळालं होतं.

पानशेत
हो, तेच. म्हणून सुरंगींच्या घट्ट मातीच्या प्रश्नाकडे परत येते, संबंध नक्की असणार. मातीतली पोकळी दाबली गेली की मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती त्या बाजूला खोल आणि लांब जातच नाहीत, वरच्यावर राहतात, आणि झाड एका बाजूने कमी धरलेलं असतं. वारा त्याचा फायदा घेतो. आता नवीन मुळं त्याच बाजूला यायला हवीत, तेव्हा गाड्या तिथून बंद करणं हे पाणी आणि खतापेक्षा महत्त्वाचं. वाट वाडीची असेल तर लोकांशी बोलून दहा फूट तरी सरकवून घ्या.

मातीवाला
क्यूवाल्यांसारखी हवेची मशीन आपल्याकडे गावात कुठून आणणार, पण काम पहारीने होतं. आता कोरड्यात नको, दोन दिवस आधी तिथे भरपूर पाणी सोडून माती मऊ करा. बुंध्यापासून निदान पाच सहा फूट सोडून बाहेरच्या गोलात हात-हात अंतरावर पहारीने दीड फूट खोल भोकं पाडा, मध्ये मूळ लागलं तर जोर लावू नका, बाजूला सरका. भोकात चाळलेलं शेणखत आणि पालापाचोळा भरा आणि वरून सगळ्या जागेवर वीतभर पातेरा पसरा, फक्त तो बुंध्याला लागू देऊ नका, नाहीतर वाळवी येते. कुदळीने खणायचं नाही, नांगर तर बिलकूल नाही, जी बारीक मुळं वर्षभरात आलीत ती वरच्या थरातच आहेत. गांडुळं आली की पुढचं तीच करतात.

टेकू पुढचे दोन पावसाळे ठेवा. मृगाच्या आधी एकदा दोऱ्या तपासा, कुठे सालीत रुतल्या असतील तर सोडून खाली गोणपाटाची घडी घालून परत बांधा, आणि बांधताना अगदी ताणून नका बांधू, झाडाला वाऱ्यात थोडं हलू दे, हललं की बुंधा आणि मुळं जाड होतात.